उरलेली कांडी

कऱ्हाटी,
१२ नोव्हेंबर १९९६

प्रिय मनिषा,

जय भीम. तुझ्या लग्नाला तीन वर्षं झाली आणि आज बरी आठवण झाली, असं तू म्हणणार. आधी मनसोक्त रागावून घे, मग पुढं वाच.

बारामतीच्या वसतिगृहात माझ्या खाटेखाली फुटक्या बांगड्या, झाकणं, तारा असं काय काय असायचं आणि तू मला भंगारवाली म्हणायचीस. ते वेड अजून गेलेलं नाही. आता मी इथल्या शाळेत चित्रकला शिकवते. हेडमास्तर 'टाकाऊपासून टिकाऊ' म्हणत माझ्याकडून आगपेट्यांचे बंगले करून घेतात. आठ दिवसांत ते बंगले परत उकिरड्यावर जातात. मला तसलं काही करायचं नाही.

आमच्या कऱ्हेच्या काठच्या बाभळींवर हल्ली कॅसेटच्या पट्ट्या लोंबतात. कॅसेट बिघडली की लोक पट्टी ओढून फेकून देतात. ती कुजत नाही, जाळली तर डोळे चुरचुरतात. मी एक पट्टी सोडवून आणली. मऊ आहे, चिवट आहे आणि उन्हात अशी चमकते की बघत राहावं. बारामतीतल्या एका रेकॉर्डिंगवाल्याकडून खराब कॅसेटींचं अख्खं पोतं उचलून आणलंय. त्याला तेवढीच जागा मोकळी झाली म्हणून तो खूश.

आता मुद्द्याचं. तुझ्या लग्नात मी तुझ्या सासऱ्यांचा माग पाहिला होता. तात्याबा खड्ड्यात पाय सोडून घोंगडी विणत होते आणि मी जेवणाची पंगत सोडून तिथंच बसले होते. त्यांना विचार, उभे धागे काळ्या लोकरीचे आणि आडवी ही पट्टी, असं कापड विणता येईल का? नाही म्हणाले तर मला सरळ कळव, गोड करून सांगू नकोस.

तुझी,
साक्षी


निरवांगी,
२० नोव्हेंबर १९९६

प्रिय भंगारवाली,

नमस्कार. रागावून झालं. तीन वर्षांचा राग एका संध्याकाळी उरकला, तुझं नशीब.

तुझं पत्र मामंजींना वाचून दाखवलं. आमच्या घरात कुणाचंही पत्र आलं तरी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचावं लागतं, मधलं काही गाळलेलं त्यांना चालत नाही. त्यामुळं तू पंगत सोडून मागापाशी बसली होतीस हे त्यांना कळलं आणि तिथंच तुझं निम्मं काम झालं.

इकडची परिस्थिती सांगते. दोन वर्षं मामंजी मागावर बसलेले नाहीत. घोंगडी कुणी मागत नाही, सगळ्यांना चादरी हव्यात. मेंढरं थोडीच राहिलीत, तरी लोकर निघतेच. ती घ्यायला कुणी येत नाही म्हणून यंदा आम्ही ओढ्याच्या कडेला टाकून दिली. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, मागाचा खड्डा बुजवावा आणि तिथं त्यांची मोटारसायकल लावावी. दिवाळीनंतर मुरूम आणायचं ठरलं होतं. मामंजी त्यावर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. फक्त त्या दिवसापासून जेवण कमी झालं. म्हणून तुझं पत्र आलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

तुझं पत्र त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मेंढराच्या अंगचं सोडून दुसरं काय आपल्या मागावर चढलं न्हाय आजवर. पर मागच गाडायचा म्हनत्यात, तर चढू दे. बघू काय व्हतंय."

सासूबाई लगेच ओढ्याकडं जाऊन राहिलेली लोकर वेचून घेऊन आल्या. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावणार, त्यात तुझं काही चालणार नाही असं मामंजींनी सांगितलंय. चिंचोके भाजायला बसलेत. पोतं पाठव.

मनिषा


कऱ्हाटी,
८ डिसेंबर १९९६

प्रिय मनिषा,

पोतं माझ्या मावसभावाबरोबर एस.टी.नं पाठवतेय. साठ-पासष्ट कॅसेटी आहेत. पेचकसानं स्क्रू काढ, पट्टी सोडव आणि मागाच्या त्या बारक्या नळीवर, कांडीवर, गुंडाळून तात्याबांना दे. कांडी भरली की पट्टी काप आणि दुसरी भर.

एक लक्षात ठेव. ज्या कॅसेटींवर निळ्या रंगाचा ठिपका आहे त्यांची पट्टी चांगली आहे, ती कापडाच्या मधल्या भागात घ्या. बाकीच्या दोन्ही टोकांना. निळाच रंग का म्हणशील, तर माझे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे हे तुला माहीत आहे. त्यांच्या डब्यांमधला तेवढाच एक डबा तळाशी ओला राहिला होता. बाबांना जाऊन चार वर्षं झाली तरी तो वाळलेला नाही.

आईची एक गंमत सांगते. परवा मी शाळेतून आले तर ती पोत्यापाशी बसून एकेक कॅसेट हातात घेऊन बघत होती. तिला वाचता येत नाही, मला वाटलं मोजत असेल. तेव्हापासून माझ्याशी फार गोड बोलतेय. काल न मागता भज्यांची आमटी केली. कचरा घरात आणला म्हणून बोलणी बसतील असं वाटलं होतं, तर हे उलटंच झालं.

साक्षी


निरवांगी,
२६ जानेवारी १९९७

प्रिय साक्षी,

कापड अर्ध्याच्या पुढं गेलं. बोटांना पेचकसाचे घट्टे पडलेत, ते तुझ्या नावावर.

पहिले दोन दिवस पट्टी आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातून सुळकन निसटायची. मामंजींनी पट्टी तोडून फेकली आणि उठून गेले. तिसऱ्या दिवशी आपणहून परत येऊन बसले. आता हात बसलाय. अंगणातून जाणारं माणूस दारात थबकतं. काळी लोकर आणि त्यातून पाण्यासारखी चमक. आमच्या ह्यांनीही दोनदा बघितलं, मात्र मोटारसायकल पुसायला फडकं शोधतोय असं दाखवून.

मामंजींचं एक वेगळंच चाललंय. प्रत्येक कांडी हातात घेतली की मला विचारतात, "ह्यात कोन गातंय?" मी कॅसेटीवरचं लिहिलेलं वाचून सांगते. भजन, लावणी, वग, कधी नुसतंच बिघडलेलं. मग ते मान हलवतात आणि विणायला घेतात. कुणाचं आहे हे माहीत झाल्याशिवाय पट्टी विणीत ठोकायला हात उचलत नाही म्हणतात. मेंढी कुणाची हे बघूनच लोकर घ्यायची सवय, तीच इथं लावतात.

निळ्या ठिपक्याच्या सगळ्या मध्यावर घेतल्या. त्यातली एक पांढरी होती, बाकी साऱ्या काळ्या. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, तेव्हा "कोन गातंय" याला मी म्हटलं, ठाऊक नाही. ते जरा थांबले, मग विणली. तिची पट्टी इतरांपेक्षा तांबूस आहे, मधोमध वीतभर पट्टा वेगळा दिसतो. तिच्या चार कांड्या झाल्या. शेवटची निम्मी उरली, ती मामंजींनी कोनाड्यात ठेवून दिली. ते प्रत्येक घोंगडीचा थोडा धागा असा मागं ठेवतात, कधी फाटलं तर त्याच धाग्यानं भरून काढता यावं म्हणून.

मनिषा


कऱ्हाटी,
१८ फेब्रुवारी १९९७

प्रिय मनिषा,

दहा दिवस झाले, तुमच्याकडून आल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. तात्याबांनी कापड मागावरून उतरवून उन्हात धरलं तेव्हा मला रडू आलं होतं, तू बघितलंस आणि काही बोलली नाहीस, त्याबद्दल आभार.

आता ऐक. तेव्हा काढलेले फोटो मी लगेच पुण्याला आमच्या कला महाविद्यालयातल्या सरांना पाठवले होते. टाकून दिलेल्या वस्तूंपासून केलेल्या कामांचं मोठं प्रदर्शन २९ मार्चला तिथं भरतंय आणि त्यात आपलं कापड घेतलंय. खाली दोन नावं लागणार, तात्याबांचं आणि माझं. सरांनी लिहिलंय की मधला तांबूस पट्टा हा साऱ्या कापडाचा जीव आहे. मलाही तोच सगळ्यात आवडला.

तात्याबा दशांच्या गाठी मारून देणार आहेत ना? २५ तारखेपर्यंत कापड माझ्याकडं आलं तरी चालेल. नवऱ्याला सांग, मुरूम आणायची घाई करू नका.

साक्षी


कऱ्हाटी,
११ मार्च १९९७

मनिषा,

हे पत्र तू एकटीच वाच.

काल आई म्हणाली, जयंती महिन्यावर आली, आता तुझ्या बाबांची कॅसेट काढून ठेव. बाबांच्या गाण्याची एकच कॅसेट आमच्याकडं आहे. एकोणनव्वद सालच्या भीमजयंतीला शेजाऱ्यांच्या टेपवर भरलेली, त्यांनी स्वतः रचलेलं गाणं. दर चौदा एप्रिलला आई पांढरी साडी नेसते, ते गाणं एकदा लावते आणि संपलं की लगेच बटण दाबते. पट्टी झिजेल म्हणून दुसऱ्यांदा लावत नाही. मी चार वर्षं म्हणतेय की तिची दुसरी प्रत करून घेऊ आणि चार वर्षं विसरतेय.

मी विचारलं, कुठं ठेवलीयस? ती म्हणाली, "तुझ्याच पोत्यात ठिवली की. निळ्या ठिपक्याच्यात."

वाचता येत नाही म्हणून तिनं बाबांच्या डब्यातला निळा ठिपका त्या कॅसेटीवर देऊन ठेवला होता, ओळखू यावी म्हणून. मी त्याच डब्यात बोट बुडवून वीस कॅसेटींना ठिपके दिले. ते बघून तिला वाटलं, लेकीनं गावोगावी फिरून बाबांची गाणी गोळा केली. म्हणून तिनं आपली एकुलती एक त्यांच्यात नेऊन ठेवली. पांढऱ्या रंगाची. ती भज्यांची आमटी तिनं त्यासाठीच केली होती.

आईला मी सांगितलंय की कॅसेट दुरुस्तीला दिलीय. जयंतीपर्यंत काय करू, माहीत नाही.

पण तुम्ही काही करू नका. घोंगडी उसवू नका. इतकी ठोकलेली पट्टी परत वाजणार नाही, आवाज गेला तो गेला. आणि खोटं कशाला बोलू, मला प्रदर्शन हवंय. पहिल्यांदा कुणीतरी माझ्या कामाला काम म्हटलंय. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, तरी लिहितेय. तात्याबांना यातलं काही सांगू नकोस. २५ तारखेला कापड पाठव.

साक्षी


कऱ्हाटी,
३१ मार्च १९९७

मनिषा,

कापड आलं नाही. पत्र नाही, निरोप नाही. परवा प्रदर्शन उघडलं. सरांनी भिंतीवर जागा मोकळी ठेवली होती, ती शेवटी दुसऱ्या कुणाला दिली. मी तीन दिवस कऱ्हाटीच्या थांब्यावर प्रत्येक गाडीला जाऊन उभी राहिले.

खड्डा बुजवलात का? तसं असेल तर तसं सांग. किंवा माझं पत्र वाचून तुला माझी किळस आली असेल. तसं असेल तर तेही सांग. गप्प बसणं मला समजत नाही.

साक्षी


निरवांगी,
५ एप्रिल १९९७

प्रिय साक्षी,

किळस वगैरे काही नाही. कामात होतो सगळे. आता सगळं सांगते, मधलं काही गाळत नाही.

तुझं अकरा तारखेचं पत्र आलं तेव्हा मामंजी समोरच बसले होते. मी वरवरच्या चार ओळी वाचल्यासारखं केलं, सगळे मजेत आहेत, कापडाची वाट बघतेय वगैरे, आणि घडी घातली. ते म्हणाले, "कागुद दोन हायत, आन वाचलंस अर्धा." मग वाचावं लागलं. खोटं बोलायला मला जमत नाही आणि त्यांना वाचता येत नसलं तरी मोजता येतं.

ऐकून झाल्यावर स्वतःच्या हातांकडं बघत बसले. मग म्हणाले, "इचारलं व्हतं मी, कोन गातंय म्हून. ठाऊक न्हाय म्हनलीस, तवाच हात थांबला व्हता. थांबलेल्या हाताचं ऐकाय पायजे व्हतं." मी म्हटलं, साक्षीनं उसवू नका म्हणून लिहिलंय. ते म्हणाले, "ती लेक हाय, तिला आता कापड दिसतंय. धा वर्सानी आवाज दिसंल. तवा मी नसंन."

साक्षी, मला तुझा निरोप पाळायचा होता. पण त्यांनी दशांच्या गाठी सोडायला घेतल्या आणि मी त्यांच्या समोर बसले. तुला कळवलं नाही, कारण तू थांबा म्हणाली असतीस आणि मग ते पत्रही मला मोठ्यानं वाचावं लागलं असतं.

मागावरून उतरलेलं कापड मधूनच उसवत नाही. टोकापासून एकेक धागा मागं घ्यावा लागतो. अकरा दिवस लागले. सासूबाई लोकर धरायच्या, मामंजी पट्टी सोडवायचे, मी ती दोन बोटांत सपाट करून गुंडाळायची. पाण्याचा हात लावू दिला नाही. पांढऱ्या कॅसेटीचा सांगाडा सासूबाईंच्या डब्यात सापडला, त्या काहीच टाकत नाहीत. कोनाड्यातली उरलेली निम्मी कांडीही त्यातच जोडायला दिली.

आणि आमचे हे, ज्यांना खड्डा बुजवायचा होता, ते मोटारसायकलवर ती कॅसेट घेऊन इंदापूरला टेप दुरुस्त करणाऱ्याकडं गेले आणि दिवसभर तिथं बसून राहिले. त्यानं तुकडे जोडले. म्हणाला, बरीच पट्टी चुरगळलीय, काय वाजेल सांगता येत नाही, पण शेवटाला माणूस बोलतोय एवढं कळतंय. ह्यांनी घरी आणल्यावर मी म्हटलं, आपण एकदा लावून बघू. मामंजींनी लावू दिली नाही. "ती त्यांच्या घरची गोष्ट हाय," म्हणाले.

कॅसेट या पत्राबरोबर पाठवतेय, हे स्वतः घेऊन येतील. कापड अर्धं उरलंय, मागावर परत चढवलंय. मधल्या वीतभर जागेत काय घालायचं ते तू सांग. प्रदर्शन गेलं त्याचा राग माझ्यावर काढ, त्यांच्यावर नको. ते आता पोटभर जेवतात.

मनिषा


कऱ्हाटी,
१६ एप्रिल १९९७

प्रिय मनिषा,

तुझ्यावर काढायला राग उरलेला नाही. हे पत्र तात्याबांना सगळं वाचून दाखव.

दादासाहेब भाऊजी मोटारसायकलवर उन्हातून आले, पाणी प्यायले आणि कॅसेट माझ्या हातात न देता आईच्या हातात दिली. आईनं ठिपका बघितला. म्हणाली, दुरुस्त झाली का? ते माझ्याकडं बघायला लागले. तेव्हा मी तिथंच आईला सगळं सांगितलं. पोतं, ठिपके, कापड, आणि कापड हवं होतं म्हणून उसवू नका असं मी लिहिलं होतं, तेही.

पुढचं उसवण्याचं भाऊजींनी सांगितलं. आईनं एवढंच विचारलं, "त्या म्हाताऱ्यानं अकरा दिस बसून उसवलं?" भाऊजी व्हय म्हणाले. ती उठून त्यांना जेवायला वाढायला गेली. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, ते बरोबरच आहे.

परवा सकाळी विहारात वंदना करून आम्ही घरी आलो. आईनं पांढरी साडी नेसली होती. मी टेप मधे ठेवला. बटण मी दाबलं. आधी नुसती खरखर. मग पेटी वाजल्यासारखं काही, वाकडंतिकडं, पाण्याखालून यावं तसं. बाबांच्या गाण्याची एक ओळ आली, दुसरी अर्धी आली आणि पुढं सगळं पुसून गेलं. आईनं डोळे मिटले होते. मी बटण दाबायला हात पुढं केला, ती नेहमी दाबते तसं. पण माझ्या मनात आलं, अकरा दिवस उसवलंय, निदान शेवटपर्यंत वाजू दे. मी हात मागं घेतला.

आणि मग एकदम स्वच्छ आवाज आला. ती तुमच्या कोनाड्यातली कांडी असणार, जी विणलीच गेली नव्हती. गाणं संपल्यानंतरचं होतं ते. आम्ही इतकी वर्षं गाणं संपलं की बंद करत होतो, त्यामुळं हे कधी ऐकलंच नव्हतं. बाबा म्हणत होते, "थांब, बंद करू नगं. पुतळा, हिकडं ये. तुझं बी नाव सांग ह्यात. अगं सांग की, ऱ्हाईल कायमचं." मग आईचं हसणं. मनिषा, माझी आई असं हसायची हे मला माहीतच नव्हतं. ती नाव काही सांगत नाही, नुसती हसतेय, आणि बाबा म्हणतात, "लाजली. बरं, पुढल्या खेपंला." तिथं पट्टी संपते.

कापडाच्या जागेचं आईनंच ठरवलं. बाबांनी घेतलेली तिची एक पांढरी साडी होती, पार विरलेली. ती तिनं स्वतः फाडून पट्ट्या केल्या आणि म्हणाली, तांबूस पट्टा निघाला तिथं हे घाला. पार्सल या पत्राबरोबर येतंय. तात्याबांना सांग, सगळ्या वापरू नका, थोड्या कोनाड्यात ठेवा. पुण्याच्या सरांना मी सगळं खरं लिहून कळवलं. ते म्हणतात, कापड पुरं झालं की जूनमध्ये स्वतः निरवांगीला येतो, माग बघायचाय. इकडं गावातही ही गोष्ट पसरलीय, लोक बिघडलेल्या कॅसेटी आमच्या ओट्यावर आणून ठेवतायत. प्रत्येकाला मी विचारून घेते की ह्यात कोण आहे आणि कॅसेटीवर ते लिहून ठेवते.

एक राहिलं. परवा ते ऐकून झाल्यावर आईनं मला कॅसेट पुन्हा मागं घ्यायला लावली, फक्त तेवढ्याच जागेपर्यंत. बाबा परत म्हणाले, तुझं बी नाव सांग ह्यात. आईनं पदर सारखा केला, टेपपाशी सरकून बसली आणि शाळेत हजेरी द्यावी तसं ठळक सांगितलं, "पुतळाबाई साहेबराव लोंढे, राहनार कऱ्हाटी."

मग मला म्हणाली, "आता बंद कर. झिजंल."

तुझी,
साक्षी